ऐकणाऱ्याचं इंग्रजी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर सांगलीतल्या पोरांना इंग्रजी शिकवलं. तर्खडकरी वळणाचं, व्याकरण पक्कं असलेलं, काळ आणि प्रयोग पाठ करून घेतलेलं इंग्रजी. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज बर्मिंगहॅमपासून न्यू जर्सीपर्यंत पसरली आहेत आणि त्या मुलांचे आईवडील वर्षाआड तिकडे जाऊन येतात. परत आल्यावर कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमचं इंग्रजी तिकडे चालत नाही हो.’

हे ‘चालत नाही’ कोण ठरवतं, याबद्दल मला आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच उठून जाणाऱ्यांची गैरसोय व्हायची नाही. बोलणं समजणं हे दोघांचं काम आहे. परमुलखात गेलेल्या माणसाला मात्र ते जवळजवळ एकट्याने उरकावं लागतं, आणि त्याचा ताण शेवटी त्याच्या घरात उतरतो. उदाहरणं बहुतेक इंग्लंडमधली घेतो, थोडी अमेरिकेतली.

१९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर, कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात, भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. सामानाची चढउतार करणारे कामगार जेवायला येत. मांसाचा पदार्थ घेतला की काउंटरवरच्या बाईने विचारायचं, वर ग्रेव्ही घालू का. त्यासाठी एकच शब्द पुरे. इंग्रज बाई तो शेवटी सूर चढवून म्हणायची: ‘ग्रेव्ही?’ आपल्याकडची बाई सूर उतरवून म्हणायची: ‘ग्रेव्ही.’ एवढाच फरक. पण इंग्रज कामगाराच्या कानाला तो प्रश्न वाटतच नव्हता. ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असं काहीतरी त्याला ऐकू जायचं. बायका उद्धट आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार त्या कामगारांची होती आणि बायकांवर देखरेख करणाऱ्या बाईंचीही. इकडे बायकांना वाटत होतं की आपल्या रंगामुळे हे लोक आपल्यावर डाफरतात.

आपल्याला हा घोटाळा समजायला विमानतळावर जायला नको. पंगतीत वाढपी भांडं घेऊन ओळीतून जाताना ‘भात… भात…’ असंच म्हणतो. त्याचा सूर कुठे चढतो? ज्याला हवा तो पानावर जागा करतो, ज्याला नको तो हात आडवा धरतो. वाढपी उर्मट होता अशी तक्रार घेऊन यजमानाकडे गेलेला पाहुणा मी अजून पाहिलेला नाही.

या बायकांच्या आणि इंग्रज बायकांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती काढून त्यांनाच ऐकवल्या गेल्या. सुरुवातीला बायकांना फरकच कळेना. दोन्हीकडे शब्द तर तोच! मग शिक्षकांनी उलगडून सांगितलं आणि समोरचा माणूस इतके दिवस का दुखावला जात होता, हे त्यांच्या ध्यानात आलं. मला यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. देखरेख करणाऱ्यांनाही हे समजावलं गेलं: या बायका तुमच्याशी उद्धटपणे वागत नाहीत, त्यांच्या भाषेत विचारण्याचा सूर असा असतो. म्हणजे धडा दोन्ही बाजूंना मिळाला.

हा प्रसंग अभ्यासून लिहिणारे जॉन गम्पर्झ यांचं नाव सांगलीकरांना माहीत असायला हवं. जर्मनीत १९२२ मध्ये एका ज्यू घरात जन्मलेला हा माणूस नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत पोचला, पुढे बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. म्हणजे परक्या इंग्रजीत उभं राहणं काय असतं, ते त्याने स्वतः अनुभवलेलं. हाच गम्पर्झ कुपवाडला आला होता. आपल्याच कुपवाडला, जे आता आपल्या महानगरपालिकेच्या नावात आहे. रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर त्याने कुपवाडच्या बोलींवर लिहिलेला निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जगभरचे भाषाविज्ञानाचे विद्यार्थी आजही तो वाचतात. त्या गावात जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, काही घरी तेलुगू, आणि सगळ्यांना सामाईक मराठी. शेकडो वर्षं एकमेकांशी बोलून या भाषांची वाक्यं इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत उतरवता यावं. शब्द आपापले राहिले, वाक्याचा सांगाडा एक झाला.

हे ऐकून आपली छाती लगेच फुगायला नको. घरातली भाषा इतकी जपून वेगळी ठेवली गेली, त्यामागे जातीच्या भिंतीही होत्या. तरीही एक गोष्ट उरतेच. कुपवाडमध्ये सगळ्याच बाजू थोडथोड्या सरकल्या होत्या. विमानतळावर, तो धडा मिळेपर्यंत, सरकायचं होतं ते फक्त ताट वाढणाऱ्या बाईने.

आता साउथहॉलला जाऊ. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या शेजारी. पन्नास-साठच्या दशकांत इथल्या कारखान्यांत पंजाबातून माणसं आली, मग त्यांची कुटुंबं आली. पाठोपाठ केनियातून, युगांडातून भारतीय वंशाचे लोक आले. युगांडातून तर इदी अमीनने १९७२ मध्ये हाकलूनच दिले. आता एकाच गल्लीत काय काय इंग्रजी गोळा झालं पाहा. जालंधरकडचा शेतकरी, ज्याचं इंग्रजी कारखान्यातल्या वीस-पंचवीस शब्दांवर चालायचं. त्याच्या शेजारी नैरोबीच्या सरकारी कचेरीत इंग्रजीतच फायली लिहिलेला कारकून. दोघे एकाच यंत्रावर पाळीने उभे. रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्याच्या लेखी मात्र दोघेही सारखेच ‘इंग्रजी न येणारे’, कारण त्याने इंग्रजी ऐकण्याआधी चेहरा पाहिलेला असे.

शाळेतही तेच. साउथहॉलच्या शाळांत आशियाई मुलं वाढली तशी गोऱ्या पालकांनी ओरड केली. शिक्षणमंत्री एडवर्ड बॉइल १९६३ मध्ये तिथे येऊन गेले. १९६५ मध्ये सरकारी परिपत्रक निघालं की कुठल्याही शाळेत स्थलांतरितांची मुलं साधारण एक तृतीयांशाहून जास्त असू नयेत. मग साउथहॉलची मुलं रोज बसमध्ये भरून दूरच्या शाळांत पाठवली जाऊ लागली. कारण सांगितलं गेलं ते त्यांना इंग्रजी लवकर यावं हे. पण इंग्रजी उत्तम येणारी मुलंही त्याच बसमध्ये असत, आणि गोरं मूल उलट दिशेने साउथहॉलला येत नसे. ही पद्धत पूर्ण थांबायला ऐंशीचं दशक उजाडलं.

पंजाबी मुलाचं एक तरी बरं होतं. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून शिकवायला हवं, एवढं तरी शाळा मानत होती. कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांची गत याहून वाईट झाली. १९४८ च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाज टिलबरीच्या धक्क्याला लागलं, तेव्हापासून जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोसमधून हजारो माणसं इंग्लंडमध्ये आली. इंग्रजी ही त्यांच्या शाळेची, चर्चची, कचेरीची भाषा. आपण आपल्याच भाषेच्या देशात चाललो आहोत, असं त्यांना वाटत होतं. पण घरी ते बोलत ती क्रिओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांच्या पिढ्यांनी इंग्रजी शब्दांतून घडवलेली, स्वतःचं व्याकरण असलेली बोली. क्रियापदांचे काळ वेगळे, सर्वनामं वेगळी, सूर वेगळा. लंडनच्या मास्तरला ती वेगळी बोली वाटली नाही, अशुद्ध इंग्रजी वाटली. आणि जे मूल ‘आपलीच’ भाषा अशुद्ध बोलतं, ते मंदबुद्धी असणार! कितीतरी कॅरिबियन मुलं अशा निदानावर मतिमंदांसाठीच्या खास शाळांत टाकली गेली. ग्रेनाडाहून आलेला बर्नार्ड कोर्ड तेव्हा लंडनमध्ये शिकवत होता. त्याने १९७१ मध्ये यावर एक छोटी पुस्तिका काढली आणि हा प्रकार चव्हाट्यावर आणला. लंडनमधल्या काळ्या पालकांनी ती हातोहात नेली.

लांबच्या भाषेला परकेपणाची सवलत मिळते, जवळच्या बोलीला मात्र अडाणीपणाचा शिक्का. हे आपल्याला कुणी इंग्लंडहून येऊन सांगायला नको. ‘आनी-पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पुण्याच्या वर्गात काय ऐकावं लागतं ते इथे बसलेल्या कितीजणांना ठाऊक आहे. त्याच वर्गातल्या तमिळ मुलाच्या मराठीचं मात्र कौतुक होतं.

याच काळात दुसऱ्या रांगेतून आपली माणसं इंग्लंडमध्ये पोचत होती, ती म्हणजे डॉक्टर. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली आणि तिला मनुष्यबळ कायम कमी पडत आलं. मुंबई-पुण्याच्या, पुढे आपल्या मिरजेच्याही वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकलेले मराठी डॉक्टर तिकडे गेले. यांचं शिक्षण इंग्रजीत, पुस्तकं इंग्लंडच्याच प्रकाशकांची, बोलणं ग्रंथातल्यासारखं. त्यांची नेमणूक व्हायची यॉर्कशायर, लँकेशायर, वेल्सच्या खाणगावांत, कारण लंडनच्या चांगल्या जागा स्थानिकांना. समोरचा खाणकामगार म्हणायचा, ‘वॉटरवर्क्स’ बिघडलंय. डॉक्टर गावच्या पाणीपुरवठ्याचा विचार करतोय, आणि रोग्याला सांगायचंय की लघवी अडलीय. ‘नाउट’ म्हणजे काही नाही, ‘पूअरली’ म्हणजे गरीब नव्हे, आजारी. ग्रेज अ‍ॅनाटमी कोळून प्यालेल्या माणसाची ही तऱ्हा. १९७५ मध्ये भारतीय पदव्यांची आपोआप मिळणारी मान्यता गेली, परदेशी डॉक्टरांसाठी परीक्षा आली, आणि तिच्यात इंग्रजीही तपासलं जाऊ लागलं. ते रास्तच आहे. रोग्याचं बोलणं डॉक्टरला समजलंच पाहिजे, यावर वाद नाही. माझं लक्ष वेधलं जातं ते एवढ्याकडेच, की ते समजावून घेण्याची मेहनत हजारो डॉक्टरांनी वॉर्डातल्या नर्सेसना विचारत, वहीत शब्द टिपत, गाजावाजा न करता केली. परीक्षेतल्या इंग्रजीत खाणकामगाराची बोली नव्हतीच.

आता उंबरठ्याच्या आत येऊ. परदेशातल्या मराठी घरात एका छपराखाली तीन-चार तऱ्हांचं इंग्रजी नांदतं. आपण ‘व्हे-जि-टे-बल’ म्हणताना चारही अक्षरांना सारखा न्याय देतो. तिकडे वाढलेलं पोर पहिल्या अक्षरावर जोर देतं आणि बाकीची गिळून मोकळं होतं. आपला ट आणि ड जीभ वळवून येतो, त्यांचा येत नाही. ‘व’ आणि ‘व्ह’ आपण लिहिताना वेगळे ठेवतो, बोलताना घोळ घालतो. पाच-सहा वर्षांचं मूल हे सगळं टिपतं. शाळेत जायला लागून वर्ष होत नाही तोवर ते आईला दुरुस्त करू लागतं, आधी गंमत म्हणून, आणि बारा-तेराव्या वर्षी शाळेतल्या मित्रांसमोर आईने बोलू नये म्हणून. बँकेचा, विम्याचा, दवाखान्याचा फोन आला की आई एक-दोन वाक्यं बोलते, पलीकडून ‘पार्डन?’ येतं आणि मुलगी फोन हातात घेते. घरात सर्वांत लहान असलेल्या माणसाला असा अधिकार मिळतो, जो त्याने मागितलेला नसतो. बापाच्या कर्जाचे हप्ते, आजीच्या गर्भाशयाचं दुखणं, हे सगळं त्या मुलीला परक्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आजीला लाज वाटते ती इंग्रजी येत नसल्याची कमी आणि नातीला हे सांगावं लागल्याची जास्त.

बेन रॅम्प्टन या अभ्यासकाने इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका गावातली शाळकरी मुलं ऐकून १९९५ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातली पंजाबी मुलं मास्तरांशी मुद्दाम ‘नुकताच विमानातून उतरलेल्या’ देशी माणसाच्या ढंगात बोलायची. स्वच्छ स्थानिक इंग्रजी येत असूनही. आईबापांची नक्कल होती का? होती. पण मास्तराच्या मनातल्या आशियाई माणसाचं चित्रही ती त्याच्या तोंडावर फेकत होती. मास्तर हसला तरी फसला, रागावला तरी फसला.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासक देवयानी शर्मा यांनी साउथहॉलमध्ये केलेलं काम मला त्याहून बोलकं वाटतं. तिथेच वाढलेल्या, पण वेगवेगळ्या वयाच्या लोकांचं बोलणं त्यांनी तपासलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या पुरुषांच्या बोलण्याचा आवाका मोठा निघाला. गॅरेजवाल्याशी अस्सल लंडनचं कॉकनी, घरी भारतीय वळणाचं इंग्रजी, एका दमात इकडून तिकडे. त्यानंतरच्या पिढीत हे टोकाचं बदलणं कमी झालं आणि दोन्ही वळणं एकत्र मुरलेलं एक इंग्रजी तयार झालं. आधीच्या पिढीला हा बहुरूपीपणा हौसेने आला नव्हता. गुरदीप सिंग चग्गर या तरुणाचा १९७६ मध्ये साउथहॉलच्या रस्त्यावर खून झाला होता. रस्त्यावर कुठलं इंग्रजी बोलावं, हा त्या मुलांसाठी जिवाचा प्रश्न होता. नंतरच्यांना तेवढी भीती उरली नाही, म्हणून त्यांना एकाच आवाजात राहता आलं.

अमेरिकेत गेलेल्या भारतीय कुटुंबांनी यातून एक वेगळीच वाट काढली आणि ती मला मोठी चतुर वाटते. तिथली राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा. बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा ती १९८५ मध्ये जिंकला. पुढे हा जणू वार्षिक रिवाज झाला. २०१९ मध्ये आठ मुलं संयुक्त विजेती ठरली, त्यांतली सात भारतीय वंशाची. लोक म्हणतात, आपली पाठांतराची परंपरा. असेलही. पण मला यात आईबापांनी निवडलेलं मैदान दिसतं. या स्पर्धेत पंच कोण? शब्दकोश. तिथे सूर चढला की उतरला, ट वळला की नाही, हे कुणी विचारत नाही. ज्या बापाला कचेरीतल्या बैठकीत वाक्य दोनदा म्हणावं लागतं, तो घरी पोराकडून अमेरिकनांना स्वतःला न येणारे शब्द घोकून घेतो. गावातल्या शिकवणीची पद्धत तिकडे अशी कामी आली.

कानाचा पक्षपात किती खोल असतो, याचा एक प्रयोग सांगतो. डॉनल्ड रुबिन यांनी तो जॉर्जिया विद्यापीठात केला, प्रसिद्ध झाला १९९२ मध्ये. विद्यार्थ्यांना एका व्याख्यानाची ध्वनिफीत ऐकवली. आवाज ओहायोत वाढलेल्या अमेरिकन बाईचा, उच्चार अस्सल अमेरिकन. काहींना ऐकताना गोऱ्या बाईचं छायाचित्र दाखवलं, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचं. आवाज एकच, शब्द तेच. आशियाई चेहरा पाहिलेल्यांना परदेशी उच्चार ‘ऐकू आले’. एवढंच नव्हे, त्यांना व्याख्यान खरोखरच कमी समजलं, आकलनाच्या चाचणीत गुण कमी पडले. आता या बाईंनी उच्चार सुधारायचे म्हणजे नेमके काय सुधारायचे?

न्यायालयातही हे पोचलं आहे. मॅन्युएल फ्रागांते हे फिलिपिन्समधून हवाईत आलेले गृहस्थ. फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य १९४६ पर्यंत होतं, तेव्हा तिथल्या शाळांत इंग्रजी आणलं तेही अमेरिकेनेच. होनोलुलूच्या वाहन परवाना कचेरीतल्या कारकुनाच्या जागेसाठी त्यांनी लेखी परीक्षा दिली आणि सातशेहून अधिक उमेदवारांत पहिले आले. मुलाखतीत मात्र त्यांचे उच्चार जड आहेत म्हणून नोकरी नाकारली. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने कचेरीच्या बाजूने निकाल दिला. खिडकीवर लोकांशी बोलायचं काम आहे, समजलं पाहिजे, हा मुद्दा. मुद्दा चूक म्हणवत नाही. पण समजत नाही हे तपासायचं कुणाच्या कानाने? दोन मुलाखतकारांच्या, की हवाईतल्या रोज खिडकीवर येणाऱ्या लोकांच्या, ज्यांना फिलिपिनो बोलणं शेजाऱ्याइतकं परिचयाचं? कायद्याच्या प्राध्यापक मारी मात्सुदा यांनी १९९१ मध्ये ‘येल लॉ जर्नल’मध्ये दीर्घ लेख लिहून याच बाजूने प्रश्न विचारले.

अमेरिकेत असे प्रश्न विचारले जात असताना ब्रिटनमध्ये मात्र वारं नेमकं उलटं वाहिलं. ग्रेव्हीचं प्रकरण ज्या कामातलं होतं, कारखान्यात जाऊन मजुरांना आणि मुकादमांना दोघांनाही शिकवायचं, त्यासाठी देशभर केंद्रं होती, साउथहॉलमध्येही. बीबीसीने १९७९ मध्ये ‘क्रॉसटॉक’ नावाचा कार्यक्रमही त्यावर केला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पैसा बंद झाला आणि ती केंद्रं मिटली. उरल्या त्या बोलणाऱ्याच्या परीक्षा. २०१० च्या नोव्हेंबरपासून ब्रिटनमध्ये नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचं तर निघण्यापूर्वीच इंग्रजीची प्राथमिक पातळी पास व्हावी लागते. हा नियम सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१५ मध्ये न्यायालयाने नियम ठेवला, पण जिथे शिकायची सोयच नाही अशांच्या बाबतीत तो जाचक ठरू शकतो, हेही म्हटलं. पंजाबातल्या किंवा पाकिस्तानकडच्या काश्मीरमधल्या मीरपूरच्या खेड्यातली नवी नवरी बस पकडून शहरात जाते, परीक्षा देते, आणि मग ब्रॅडफर्डला उतरते. ब्रॅडफर्डची शेजारीण जे बोलते ते त्या परीक्षेत नव्हतं.

आणि तिच्या आधी आलेल्यांची नातवंडं? पॉल करस्विल, जेनी चेशर या भाषा-अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व लंडनमध्ये शोधलं, तर कॅरिबियन, बंगाली, आफ्रिकी घरांतली आणि गोरीही मुलं मिळून एक नवं लंडनी इंग्रजी बोलताना सापडली. एकाच भाषेचा ठसा नाही त्यावर, सगळ्यांचा थोडा थोडा आहे. कुपवाडशी याचं नातं लावायचा मोह मला होतो, पण तो आवरतो, कारण कुपवाडला शतकं लागली आणि इथे दोन पिढ्यांत झालं. २०१३ मध्ये दक्षिण लंडनमधल्या एका शाळेने या बोलीतल्या शब्दांची यादी भिंतीवर लावली आणि ते वापरायला बंदी घातली. ‘इनिट’ नको, ‘बेसिकली’ने वाक्य सुरू करू नका. (ही दुसरी बंदी आपल्याकडे आली तर संध्याकाळच्या निम्म्या दूरदर्शन चर्चा बंद पडतील.) मुलांना नोकरीच्या मुलाखतीत त्रास होऊ नये, असं शाळेचं म्हणणं. मुलाखत घेणाऱ्यांसाठी मात्र कुणी यादी लावली नाही. भिंतीवरची ती यादी वाचणारी मुलं तर लंडनमध्येच वाढत होती.